न उघडलेला एअर फ्रायर

नाही गं पोरी, उघडलेलाच नाहीये मी तो — हा बघ खोका, चिकटपट्टी आहे की नाही वर? आहे ना? बरं, निळी का आहे? ती... कंपनीच्या पट्टीचा गोंद वाळला असेल, म्हणून मी आपली घरातली लावली. वरून. खबरदारी म्हणून. तुझं नाव काय — टेगन, लिहिलंयच की छातीवर. हे बघ टेगन, मी नेव्हिल प्राउस, सगळा जन्म इथे वागा वागा गावात काढला, ह्याच दुकानातून टोस्टर नेला, पंखा नेला, एक वस्तू कधी परत आणली नाही. कुणालाही विचार. आता हा एवढा एक एअर फ्रायर परत घे, की मीही सुटलो आणि तूही सुटलीस. कारण? कारण काय द्यायचं... लिही, 'गिऱ्हाइकाला यंत्र कळत नाही.' खरंच कळत नाही. मला काय कळतंय त्यातलं? आम्ही बार्बेक्यूवाली माणसं. गोठवलेले चिप्स दोनशे अंशांवर अठरा मिनिटं, निम्म्यावर टोपली बाहेर ओढून हलवायची, कोंबडीची तंगडी एकशे नव्वदला पंचवीस, मासा असला तर दहातच काढायचा नाहीतर चामडं होतं — ह्यापलीकडे मला अक्षर माहीत नाही.

काय? ते... ते खोक्यावर लिहिलंय. नाही? बाजूला बघ. खाली बघ. मग कुठेतरी ऐकलं असेल! आमच्या घरी कानावर पडतंच. ग्लेनिस — माझी बायको — तिनं नाताळात घेतलाय एक, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. परवा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, आणि त्या बिचाऱ्याला बोटांनी सांगतेय — भोपळा, एकशे नव्वद, अठरा मिनिटं, तेलाचा नुसता हात फिरवायचा. एकदा पावाचा तुकडा टाकला भाजायला, तो आतल्या वाऱ्यानं उडाला आणि वर जाऊन चिकटला, तरी कौतुकच — 'बघ नेव्ह, किती ताकद आहे!' मी म्हटलं, ताकद बघायची तर मला पाव फेकायला सांग.

माझा राग यंत्रावर नाही. राग कसला — वाईट वाटतं. कशाचं सांगू? रविवारी लेक-जावई येतात, नातवंडं येतात. इतकी वर्षं काय चालायचं — मी मागच्या अंगणात बार्बेक्यूची शेगडी पेटवायची, चिमटा घ्यायचा, दोनदा वाजवायचा — टक टक — का वाजवायचा ते विचारू नकोस, चिमटा हातात आला की वाजवायचाच असतो, तुझा बापही वाजवत असेल — की लगेच सगळे पुरुष बिअर घेऊन माझ्याभोवती. करत कुणी काही नाही. नुसते उभे राहतात, 'आता उलटव' म्हणतात. मी उलटवत नाही. बस, एवढंच. पण तेवढं माझं होतं गं! आणि आता? आता आमचा जावई क्रेग स्वयंपाकघरात त्या डब्यासमोर उभा. काय दिसतं त्यात? काही दिसत नाही! बंद डबा! तरी उभा! आणि मी अंगणात एकटा चिमटा वाजवतोय, ऐकायला शेजाऱ्याचा कुत्रा — त्याचंही लक्ष सॉसेजकडे, माझ्याकडे नाही.

त्यात ग्लेनिस म्हणाली, नगरपालिकेची गाडी येतेय मोडकं सामान उचलायला, शेगडी गंजलीये, ठेवून देऊ या रस्त्याकडेला, जुन्या गादीशेजारी. गादीशेजारी! मी जेवणावरून उठलो. मग क्रेगनं — मोठा शहाणा — तोडगा काढला. स्पर्धा. एकाच खाटकाकडची सॉसेजं, दोन ताटल्या, सगळ्यांच्या डोळ्यांवर भांडी पुसायचे टॉवेल बांधायचे, खायचं आणि कुठली चांगली ते सांगायचं. तिची जिंकली तर शेगडी गादीशेजारी. माझी जिंकली तर शेगडी राहील आणि पुन्हा तो विषय नाही. मला झोप लागेना, खरं सांगतो. शेगडी गेली तर मी रविवारी उभं कुठे राहायचं? दिवाणखान्यात? कुशनांमध्ये?

म्हणून हा घेतला. शत्रूचं हत्यार बघायला, दुसरं काय. न उघडता — म्हणजे थोडासा उघडून. मागे शेडमध्ये. इंटरनेटवर तक्ता शोधला, सॉसेज चारशेवर बारा मिनिटं म्हणे. माझं यंत्र दोनशेच्या पुढे जाईना. मग मी काय केलं — दोनदा लावलं. दोनशे आणि दोनशे चारशे. हसू नकोस! कोळसा झाला नुसता, शेजारी बागेचा पाइप घेऊन कुंपणाशी आला. मग कळलं की तक्ता अमेरिकेतला, त्यांचे अंशच वेगळे, त्यांचे चारशे म्हणजे आपले दोनशे. अरे, मग आधी सांगा ना, माणूस शेड जाळून बसेल! पण नंतर जमलं हं. एकशे ऐंशीला बारा मिनिटं, सहाव्याला उलटवायचं. साल फाटत नाही, आत रस जसाच्या तसा. शेगडीवर जन्मात कधी एवढं नीट — हे तू ऐकलं नाहीस.

आणि रविवारी? रविवारी शेगडी पेटवलीच होती मी! कांदे तिच्यावरच भाजले, धूर भरपूर केला, चिमटा वाजवला. सॉसेजं तेवढी जरा... शेडमधून आली. 'गॅसची चावी आणतो' म्हणून गेलो आणि झाकलेली ताटली घेऊन आलो. ही काय फसवणूक नाही. शेड माझी, सॉसेजं माझी, चालत मी आलो. आणि निकाल! सगळ्यांनी मत मलाच दिलं! तो क्रेग डोळ्यांवर टॉवेल बांधून मान डोलावतोय, 'हा धूर, ही चव डब्यात यायची नाही!' मला ठसकाच लागला. आणि ग्लेनिसची सॉसेजं — अरेरे — काळी ठिक्कर, फाटलेली, बुटाचा तळवा बरा. धाकट्या नातीनं तर घास हळूच माझ्या खिशात टाकला. ग्लेनिसही हसली. म्हणाली, 'हरले बाबा, राहू दे तुझी शेगडी.' दोनशेवर पंचवीस मिनिटं लावली होती म्हणे, विसरले म्हणाली. विसरली! ग्लेनिस! जी तोंडात कापूस घालून डॉक्टरला मिनिटं सांगते, ती सॉसेज विसरली! नाताळापासून जिच्या हातून एक चिप्स करपला नाही, ती नेमकी त्याच दिवशी...

नाही, काही नाही. थांब जरा.

दोनशेवर पंचवीस. टेगन, ते विसरून होत नाही गं. त्या डब्याची घंटा वाजली की ती कपडे वाळत घालायचे सोडून पळते. पंचवीस मिनिटं आपण होऊन लावावी लागतात, आणि मग समोर बसून सॉसेजं जळताना वास घेत राहावं लागतं. म्हणजे ह्या बाईनं... सगळ्यांसमोर... स्वतःच्या यंत्राची शोभा करून घेतली, मला अंगणात उभं राहायला मिळावं म्हणून — आणि मी तेव्हा तिकडे शेडमध्ये —

हं? काय नाही? टोपली? खोक्यात टोपली नाही म्हणजे काय, नीट बघ, ती काळी, दांडा असलेली — मी स्वतः — स्वतः धुतली रविवारी. सवयीनं. स्वयंपाकघरात, सिंकमध्ये. जिंकलो होतो ना, शीळ घालत धुतली. आणि निथळायला ठेवली... तिच्या टोपलीशेजारी. दोन टोपल्या. शेजारी शेजारी! आणि आमच्याकडे भांडी पुसून कपाटात कोण लावतं माहितीये? मी नाही. आयुष्यात नाही. म्हणजे रविवारपासून तिला — आणि चकार शब्द नाही! रोज सकाळी चहा हातात देते आणि विचारते, 'काय नेव्ह, शेगडी कशी आहे?' मला वाटलं, प्रेमानं विचारतेय. प्रेमानंच विचारत असणार गं, तेच तर अवघड झालंय सगळं.

दे तो खोका इकडे. नको, पैसे नकोत, पुस तुझ्या त्या कॉम्प्युटरवरनं. पट्टी लावू नकोस, राहू दे उघडा. घरी नेतो. ओट्यावर ठेवतो, तिच्या यंत्राला खेटून, आणि संध्याकाळची सॉसेजं मी करतो, तिच्या डोळ्यांदेखत, एकशे ऐंशीला बारा मिनिटं. पण टोपली तिच्या कपाटात. ती मागावी लागणार. माझ्या तोंडानं. 'ग्लेनिस, माझी टोपली दे गं.' कसं वाटलं? रडकं झालं ना? 'ग्लेनिस, टोपली.' छे, हे फार उद्धट. 'ग्लेनिस, ती दुसरी टोपली आहे ना...' आणि तू काय बघत राहिलीस टक लावून? मागे त्या बाई केटल घेऊन कधीच्या खोळंबल्यात. घे त्यांना. बोलत बसतेस नुसती.