पडवळाला बांधलेले दगड

अय्यो, त्या पोत्यावर नका बसू अक्का, आत शेणखत आहे — तुमची ती पैठणी... नारायणपेठ होय? असेल, शेणखताला काय, दोन्ही सारखंच. हे स्टूल घ्या. दम खा. एवढे जिने चढवले तुम्हाला, गुडघे बोलत असतील, माझेही बोलतात, पण खाली बसून तुम्ही करणार काय होता सांगा? आमचे बालाजीराव वीजखात्यातले, तुमचे साहेब एअर फोर्सचे, दोघेही रिटायर — आता एक जण विमानं उडवणार, दुसरा ट्रान्सफॉर्मर उडवणार, आणि तुमचा हरिप्रसाद बिचारा मध्ये बसून केळ्याच्या बज्ज्या खाणार. खाऊ दे, भरपूर केल्यात. कीर्तना येतेच आहे. निघाले म्हणून मेसेज आलाय — वेलचेरी स्टेशनवरून शेअर ऑटो धरला की आलीच. मुलगी बघायला आलात आणि घरात मुलगीच नाही, हे बरं दिसत नाही, कळतंय मला. म्हणून तर म्हटलं, तोवर तिची बाग बघा. तिचीच हो. फोनवर सांगितलं तेच — मोट्टमाडीवरची सगळी बाग कीर्तनाची. मोट्टमाडी म्हणजे गच्ची. आमचं तंजावरचं मराठी असंच, मध्येच तमिळ घुसतं, तुम्ही नाशिकच्या, चालवून घ्या.

थांबा, एवढा नळ सोडते वांग्यांच्या टबात. दुपारी सोडला तर पाइपातून पाणी येतच नाही, कॉफीच येते, कपबशी घेऊन बसा नुसतं. आता ऊन उतरलंय. अजून कत्तरी लागायचीय बरं का — अग्निनक्षत्र, मे महिन्यातलं कडक ऊन — ते लागलं की माणसंच सुकतात, झाडांचं काय घेऊन बसलात. ही वांगी बघा. फेब्रुवारीत काय तजेला होता, येणारा जाणारा दृष्ट लावून जायचा. आणि आता हे पांढरं, कापसासारखं — हात नका लावू, चिकट असतं — पिठ्या ढेकूण. उकाडा सुरू झाला की हे मेले पाहुण्यासारखे येतात, हलत नाहीत. तुम्हाला नाही हो म्हटलं, बसा. आंबट ताक फवारलं, कडुनिंबाचं तेल फवारलं, शिव्या फवारल्या — मी नाही, कीर्तनानं. शिव्या नाही, ताक. ताक कीर्तनानं फवारलं.

टोमॅटो? टोमॅटोचं नका विचारू. मार्चमध्ये फुलांनी नुसता लगडला होता, मी फुलं मोजत बसायचे... म्हणजे आम्ही दोघी. मग एका आठवड्यात उन्हानं सगळी फुलं गळाली, जी चार फळं धरली ती खारीनं खाल्ली, तीही पूर्ण नाही, प्रत्येकाला एकेक चावा, सगळ्यांची चव बघून गेली. त्यावर आमच्या हुशार कन्येनं काय केलं माहीत आहे? भर दुपारी वर आली, झाडं मलूल दिसली, तर फ्रिजमधला बर्फ आणून प्रत्येक कुंडीत ओतला. अम्मा, त्यांना उकडतंय म्हणाली! बर्फ! मुळं जागच्या जागी शिजली की गोठली, देवाला ठाऊक, दोन दिवसांत सगळी झोपली. एवढी मोठी इंजिनिअर, ऑफिसात टीम चालवते, इस्पितळातल्या मशीनची डोकी बनवते — आणि भेंडीच्या झाडाला वांगं म्हणते! ... हं? नाही, नाही, ते लहानपणी. लहानपणी म्हणायची. आता शिकली. बर्फही... लहानपणीच घातला. हो, ह्याच मार्चमध्ये म्हटलं मी, पण मार्च काय, दरवर्षी येतो.

अय्यो, किंचाळू नका, तो माणूस नाही! बालाजीरावांचा सफारी आहे. निवृत्तीच्या दिवशी घातला होता, त्यानंतर पोटानं साथ सोडली. गिंडीच्या रानातून माकडं येतात ना, म्हणून त्यात पेंढा भरून उभा केला. माकडं पहिल्या दिवशी घाबरली, दुसऱ्या दिवशी मांडीवर बसली. नवऱ्याला पुरतं ओळखायला मला जेवढी वर्षं लागली, तेवढेसुद्धा दिवस त्यांना लागले नाहीत. राहू दे उभा, निदान हा तरी वर येऊन उभा राहतो.

हा दुधी. वेल बघा, मांडव कसा भरलाय — पंदल म्हणतो आम्ही मांडवाला — पण फळ एक नाही. फुलं सगळी नर. ऊन तापलं की नुसती नर फुलं येतात, शंभर नर आणि मादी फूल एखादं, तेही कोपऱ्यात तोंड लपवून. संध्याकाळी उमलतं, तेव्हा एक नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि ह्याचा पराग त्याला लावायचा. मी रोज संध्याकाळी हेच करते, लग्नं लावते. बालाजीराव म्हणतात, तुळजा, झाडांची जमवलीस, घरातल्या मुलीचं जमव. आता काय सांगू तुम्हाला, आमच्या लोकांत मुलगे उरलेत कुठे? बरे होते ते अमेरिकेला गेले, जे उरले ते आईच्या पदराखालून बाहेर येत नाहीत — हरिप्रसादला नाही हो म्हणत, तो तर तुम्ही सांगितल्याशिवाय बज्जीलाही हात लावत नव्हता, संस्कार आहेत. तुमचा फोन आला तेव्हा बालाजीराव नाचायचे बाकी राहिले. मराठी घर, तेही तांबरमला! लग्न झाल्यावरही लोकलनं जायचं, मुलीला भेटायचं, संध्याकाळी घरी. तिशी उलटली तिची अक्का, आम्ही आशा सोडली होती. हे जमलं तर मी सुटले. खरंच सांगते, देवापुढे रोज हेच मागते, ह्या उन्हाळ्यात हे एवढं धरू दे.

तुम्हीही भाज्या लावता म्हणालात ना खाली? अंगण मोठं आहे, पण काही उगवत नाही म्हणालात. कधी पेरता? मृगाला? मृग म्हणजे जूनमध्ये? अक्का! दरवर्षी? इतकी वर्षं तांबरमला राहून? — हसत नाही हो मी, ठसका लागला. तुमच्या नाशिकला मृगाला ढग येत असतील, इथे मृगाला डांबर वितळतं. आमचा पाऊस दिवाळीला. तुम्ही बी पेरत नाही, भाजता. काय म्हणता, बियाणं खराब निघतं? दर वर्षी बियाणंच खराब? साहेब काही बोलत नाहीत? ... नाशिकला तुमच्या सासूबाई मृगालाच पेरायच्या, म्हणून. हं. बरोबर आहे. जुनं सोडवत नाही आपल्याला, मी काय सांगू.

आता हे बघा, हे माझं खरं लाडकं. पडवळ. ह्या उन्हाला हाच एक पुरून उरतो. टोकाला दगड बांधलेत ते दिसतात? फळ बोटभर झालं की सुतळीनं टोकाला खडा बांधायचा, मग वाढेल तसा जरा मोठा. वजनानं खाली ओढला जातो आणि काठीसारखा सरळ वाढतो. नाही बांधला तर वाटेल तसा वळतो, वेटोळी घालतो, चिरायला त्रास. माझ्या सासूनं शिकवलं. ह्यावरून आमची ठिणगी उडाली ना मागच्या महिन्यात! कीर्तना वर आली, कात्री घेतली आणि सगळ्या सुतळ्या कापल्या. का, तर म्हणे, अम्मा, वाकडा असला म्हणून कडू लागतो का? त्याला गळफास कशाला? मी म्हटलं, तू इंजिनिअर आहेस, तुला पडवळातलं काय कळतं, आणि मग पडवळावरून गाडी लग्नावर आली, लग्नावरून तिच्या वयावर, वयावरून... मी बोलले जरा. जास्तच बोलले. ती खाली गेली. दोन दिवस जेवली, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाली, अम्मा, त्या तांबरमच्या लोकांना बोलाव. साडी नेसते. तू हो म्हण म्हणशील तर हो म्हणते. बघा! मला तर इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी मी वर येऊन सगळे दगड पुन्हा बांधले. ती इथेच उभी होती, दारात. बघत होती, कात्रीला हात लावला नाही. शहाणी झाली म्हटलं मी.

हं? हो, तशी ती शांतच आहे. ... शांत म्हणजे, कधीमधी. ... नोकरीचं काय? सोडायची? लगेच? फोनवर तुम्ही म्हणाला होता, मुलीला घराची आवड हवी, म्हणून मी आपली बाग पुढे केली — नोकरी सोडायचं कोण बोललं होतं? "बागेत रमणारी मुलगी, ऑफिस कशाला, अंगण आहे की तिला." असं ठरवलंत तुम्ही. साहेबांचं, हरिप्रसादचं, सगळ्यांचं ठरलंय. तिनं सकाळी उठून मृगाला बियाणं पेरायचं आणि उगवलं नाही की बियाणं खराब म्हणायचं. नाही, रागावले नाही मी. मी कशाला रागावू? मला हे स्थळ हवंय अक्का, काल रात्रभर डोळा लागला नाही ह्या काळजीनं की तुम्ही नको म्हणाल. तिच्या मशीनवर कुठल्या तरी इस्पितळात एक तान्हं मूल श्वास घेतं, हे ती मला जेवताना सांगते, मला काही कळत नाही, मी म्हणते भात घे. तेव्हा तिचा चेहरा — राहू दे. नोकरीचं पुढे बघता येईल म्हणा की. नुसतं म्हणा. नाही? आत्ताच स्पष्ट झालेलं बरं? बरं.

थांबा, कोपऱ्यावर ऑटो थांबला. कठड्याशी या, पडत नाही, मजबूत आहे. फुलवालीच्या बाजूला, बघा — आली माझी पोर. साडी नेसलीय! ऑफिसातच बदलली वाटतं. निळी. गजरा पण... तिला मोगऱ्यानं डोकं दुखतं, कधी माळत नाही ती. बघा हां, आता गंमत बघा, ती कशी चालते ती. पर्स इकडे, डबा तिकडे, फोनवर हातवारे, त्या कुत्र्याला थांबून विचारणार काय रे जेवलास का, मग अर्ध्या रस्त्यातून मागे फिरणार, काहीतरी विसरलेलं असणार. लहानपणापासून कधी एका रेषेत घरी आलेली नाही. बघा आता.

...

कुत्रा शेपूट हलवतोय. बघितलंच नाही तिनं.

किती सरळ चालतेय. मान खाली घालून. तुम्हाला आवडली? हो ना, आवडणारच, घरंदाज दिसते. मी तिला जन्मात असं चालताना पाहिलं नाही.

ही कात्री कुठे ठेवली मी? हां, ही. नाही, काही नाही, जरा हे दगड सोडवते. सरका. वाकडी वाढू देत. एक... हा घट्ट बसलाय, ह्याला वळ पडलाय. आणि ऐका अक्का, ही बाग माझी आहे. कुंडी न् कुंडी माझी. तिनं इथे एक बी लावलेलं नाही, बर्फ घातला तो ह्याच मार्चमध्ये. खोटं बोलले मी तुमच्याशी. तिला माती आवडत नाही, नखात गेली की ओरडते. तिला तिचं मशीन आवडतं. तिला तुमच्या अंगणात पाठवायची म्हणजे बघायला नको, ती तुमच्या मृगाला पण बर्फ घालेल. नाही जमायचं. बालाजीराव रडतील, रडू देत, मी पण रडेन, पण आज मुलगी दाखवायची नाही. तुम्ही खाली जा, बज्ज्या खा, कॉफी घ्या, हरिप्रसादला दोन जास्त खायला सांगा, मी सांगितलं म्हणून.

कीर्तना! ए कीर्तना! वर बघ! गेटपाशीच थांब, आत येऊ नकोस. काही झालं नाही. तो गजरा काढ आधी, डोकं दुखेल. मी येते खाली. आपण दोघी जरा बीचवर जाऊन येऊ — हो, असंच, साडीतच, त्यात काय! त्या कुत्र्याला विचार की काहीतरी, केव्हाचा उभा आहे.

येते अक्का. पायाखाली बघा, दगड पडलेत. आणि निघताना तेवढा वांग्यांचा नळ बंद करा.