चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरातल्या

—नाही हो ताई, विषबिष काही नाही, पेपरवाले काय वाट्टेल ते छापतात. गिझर. शॉक बसून गेले आमचे हे, आणि खून म्हणे मी केला. तुम्ही आजच आलात वाटतं ह्या ड्यूटीवर? कालच्या पोलीसबाईंना सगळं तोंडपाठ होतं. बसा ना, जजसाहेब जेवून येईपर्यंत मी कुठे पळतेय!

आमचे हे गोदामात कारकून. दिवसभर खोक्यांना चिठ्ठ्या लावायच्या, आणि घरी आले की घराला. डब्यांना, किल्ल्यांना, माझ्या चपलांनासुद्धा — डावी, उजवी. हसताय काय, खरंच सांगतेय. एकदा साखरेच्या डब्यात चुकून मीठ भरलं मी. ह्यांनी चहात दोन चमचे घातलं. म्हटलं, अहो थांबा, मीठ आहे ते! तर डब्यावर बोट ठेवून म्हणाले, 'इथे काय लिहिलंय?' आणि अख्खा कप प्यायले. प्यायले हो! वर मलाच — 'तुला काय कळतंय?' ते पालुपदच त्यांचं. शेजाऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, सासूबाईंसमोर — हिला काही कळत नाही.

आता तेच धरून बसलेत आमचे वकील. शेजारीण आणली, दूधवाला आणला, माझी सख्खी बहीण आणली — सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, ही बाई ठार मठ्ठ आहे. बहीण तर अशी रंगात आली की जजसाहेबच म्हणाले, पुरे. आणि तिकडे भाऊजी — माझे दीर हो, टीव्हीचा रिमोट कधी हातात दिला नाही मेल्याने — पिंजऱ्यात उभे राहून म्हणतात, 'वहिनी अत्यंत हुशार, फ्यूज उडाला तरी त्याच बघायच्या.' बावीस वर्षांत सासरचं कुणी पहिल्यांदा चांगलं बोललं, ताई. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. फाशी मागतायत मला, पण बोलले किती छान!

जेवण झालं की माझी पाळी. एकच वाक्य म्हणायचंय — 'मला काही कळत नाही.' की सुटले, असं वकील म्हणतात. दोन दिवस घोकतेय. मला काही — मला — छे! जीभच रेटत नाही बघा.

कारण कळत होतं ना! बाथरूमबाहेरचा बटणांचा बोर्ड पुसला मी ओल्या फडक्याने, चिठ्ठ्या सुटल्या, परत चिकटवल्या, तर गिझरची दिव्याला आणि दिव्याची गिझरला. चुकूनच, देवाशपथ. पण त्याच दिवशी लक्षात आलं माझ्या, आणि सांगितलंसुद्धा — 'अहो, चिठ्ठ्या उलट्या लागल्यात.' म्हणाले, 'अक्षर माझं आहे, खबरदार हात लावशील तर.' आणि रविवारी पान्हा घेऊन गिझर खोलायला निघाले. चिठ्ठी वाचून बटण बंद केलं — बाथरूममध्ये काळोख! दुसरं कुणी असतं तर — पण नाही. म्हणाले, बल्ब गेला नेमका, बॅटरी आण. मी म्हटलं, 'अहो—' तर त्यांनी बोट वर केलं. हे असं. म्हणजे गप्प. मग काय, बसले गप्प. बॅटरी धरून उभी राहिले. सरळ धरली हो, जराही हलू दिली नाही. मेन स्विच तर माझ्या डोक्याशीच होता, हात पुरत होता माझा—

अशा काय बघताय? हे वकिलांना नाही सांगितलेलं. तुम्हालाही नव्हतं सांगायचं, तुम्ही आपल्या ऐकत बसलात म्हणून आलं तोंडून. बावीस वर्षांत इतकं कुणी ऐकलंय कुठे माझं! वाईट वाटतं हो त्यांचं. अजून चपला घालताना चिठ्ठ्या बघते मी.

आला का माझा पुकारा? ह्या खडखडणाऱ्या पंख्यापायी धड ऐकूही येत नाही. तेवढा बंद करा जाता जाता. — ते नव्हे, तिसरं बटण. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते राहू दे, सकाळी शिपायाला पंखा लावताना बघितलंय मी. दाबा. माझं ऐका.

थांबला ना?

चला. ते वाक्य काही मी म्हणायची नाही.