दोघांचा फोटो

तुमी म्हनाल, फोटोवाल्याला कसलं आलंय रडू! पर ऐका.

राजूरला माझ्या स्टुडिओत एक नवी नवरी आली. नवरा मिलिटरीत भरती झालेला, लग्नानंतर आठव्याच दिवशी ट्रेनिंगला गेला. तिच्या मिलिटरी दवाखान्याच्या कार्डासाठी दोघांचा एकत्र फोटो लागत हुता. लग्नातला फोटो हापिसानं परत धाडला. मुंडावळ्यांत चेहरेच दिसत न्हाईत, म्हने. मग नवऱ्यानं तिकडून मोबाईलवर फोटो पाठवला. तो मी कंप्युटरवर तिच्या फोटोशेजारी बसवला.

"बराय का?" मी इचारलं.

ती लई वेळ बघत राहिली. "केस कापल्यावर वळखूच येईनात," म्हनली. मग खाली बघत हळूच म्हनली, "भाऊ, त्यांना जरा माझ्याजवळ सरकवा की."