प्लेगाच्या साली मला मिशा हुत्या

...आन वर मलाच म्हनत्यात, नथू, तूच भांडान लावलंस! मी? आरं, मी तितं बसलो हुतो गप, मांडी घालून, तोंडात सुपारी! सिनेमात तरी मारामारी असावी का न्हाई? तर न्हाई वो, एक चापट न्हाई कुनी कुनाला मारली त्येच्यात. सगळी गोरीगोरी म्हातारी मानसं, बाकावर बसून कबुतरास्नी दानं टाकीत हुती. आन ती कबुतरं बघून आमच्या गावात सतरा डोकी फुटली! सायेब तर घसा फोडून सांगत हुता, नुसतं बघायचं हाय. नुसतं बघायचं हुतं वो, तुमाला सांगतो, नुसतं बघायचं हुतं!

दुसरी मोठी लढाई संपली त्या सालची गोष्ट. पोळा चार दिसांवर आलता. आन लोणावळ्याकडनं सरकारची मोटार आली आमच्या कान्ह्याला, टपावर भोंगा, पोटात मिशीन. बरुबर पुन्याचा एक सायेब, चिखल बघून असा पाय उचलून टाकायचा की वाटावं खाली इस्तू पसरलाय. देवळाम्होरं बांबू रवलं, पडदा बांधला. गडी म्होरं, बायका पडद्याच्या मागं, रीतच हाय ती. मागनं बघितलं की सिनेमातलं मानूस डाव्या हातानं जेवतंय, चालायचंच! माजी कारभारीन रतनबाई मागं, आमची आई बयाबाई मागं. मी म्होरं, मधोमध. का म्हनाल तर मी घरातला थोरला, आन पोळ्याला गावाची पयली जोडी आमची! तोरनाखालनं म्होरं मी, कासरा माज्या हातात, हलगी कडकडतीय, सारं गाव माज्याकडं बघतंय... वर्साचा त्यो एकच दिस बघा. बाकीचं दिस माज्याकडं माजा बैलबी बघत न्हाई.

तर सायेब भोंग्यातनं सुरू झाला, 'बंधूंनो, आणि पडद्यामागच्या भगिनींनो! कोणत्या देशात सरकार लोकांसाठी काय करतं, ते आज आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू!' ह्यो इंग्लंड, पोरास्नी शाळंत दूध. ह्यो रशिया, बाई बाळंत झाली की घरी बसायचं आन पगार चालू... ह्ये ऐकल्याबरुबर पडद्यामागनं असा गलका उठला की माज्या शेजारचं तीन गडी खाली मान घालून बसलं. मंग न्यूझीलंड आला, ती कबुतरवाली म्हातारी मानसं. तितं म्हनं पासष्टी गाठली की म्हाताऱ्याला सरकार घरबसल्या पैका देतं, मरस्तवर!

आन पडद्यामागनं आमच्या आईचा आवाज आला, 'सायेबा, तितल्या म्हातारीला जळनाला डोंगरात जावं लागतंय का रं?'

'नाही आजी.'

'मंग दिसभर करती काय?'

'बसते.'

'निस्ती?'

'नुसती!'

पर गडी गप बसतात व्हय? आता ऐका, हितं खरी मेख हाय. मागं ह्याच मोटारीनं देवीची लस दावली, आन पंधरवड्यात लस टोचनारा दारात हुबा. मंग रेशन दावलं, तर रेशन आलं. म्हंजी सरकारची मोटार जे दावती त्ये मागनं येतंया, ह्ये गावाला पाठ! सायेब वरडतोय, 'अहो, हे आपल्याकडं नाही! नुसतं पाहायचं आहे!' पर कोन ऐकतंय?

पयला कोन उठला? माजा सख्खा धाकटा भाऊ! अंबाजी! ज्येला मी खांद्यावर घिऊन जत्रा दावली त्यो! म्हनला, 'सायेब, मला धरा. मला सहासष्ट!'

मी हसलो वो. खरंच हसलो. तर कोंडाजी पाटील मिशीला पीळ देत म्हनला, 'मंग थोरला अंबाजीच की रं! कासरा त्येच्याकडं जायाला पायजे!'

सुपारी घशात अडकली माज्या! उठलो, म्हनलो, 'त्यो सहासष्ट तर मी सत्तर! प्लेगाच्या साली मला मिशा हुत्या!' अंबाजी म्हनला, 'प्लेगाच्या साली माजं लगीन झालतं!' मी म्हनलो, 'तुज्या लग्नात मी पिकल्या केसांनी नाचलो!' आन मंग काय, बाजारात बैलाची बोली चढावी तशी चढली... पंच्याहत्तर! अठ्ठ्याहत्तर! शेवटी मी छाती ठोकून म्हनलो, 'घाटात रेल्वे बसली न्हवं, तवा मजुरास्नी पानी पाजायला मी हुतो! मला पंच्याऐंशी!'

टर्रर्र... काय फाटलं? पडदा! मधोमध फाटला, आन त्येच्यातनं रतनबाई भाईर आली! मिशीन तसंच चालू, तिच्या लुगड्यावर कबुतरं दानं टिपत्यात, आन हातात माजंच पायतान! 'पंच्याऐंशी? आन माज्या बाला सांगितलं पोरगा इशीचा हाय?' फाट्टदिशी कानाव! मी वाकलो, तर दुसरं पाठीव! मी वळलो, तर अंबाजीनं पडद्याचा बांबू उपटल्येला, त्यो गुडघ्याव! मी त्येचा कान धरला दातात, खोटं कशाला सांगू, सोडला न्हाई. पाटील सोडवायला आला, त्येच्या टकल्यावर कुनाचा तरी तांब्या बसला. आन बाकीचं गाव काय बघत बसलं? छ्या! ज्यो त्यो पासष्टीचा झाल्येला! काल कुस्ती खेळल्यालं गडी, 'मला सदुसष्ट' म्हनत एकमेकाला उचलून आपटत्यात! सायेब मोटारीखाली शिरला आन तितनं बोंबलतोय, 'शांतता! न्यूझीलंडात असं करत नाहीत!' सांगा, नुसतं बघायचं हुतं का न्हाई?

मंग आई आली. हळूहळू, कमरंवर हात ठिवून. तिला बघून सारी थांबली. माज्याकडं बघितलं, अंबाजीच्या कानाकडं बघितलं, म्हनली, 'घाटात रेल्वे बसली तवा माजा बा बिनलंगोटाचा हिंडत हुता. तू कुनाच्या पोटातनं पानी पाजत हुतास रं?'

गाव हसलं वो. डोकी धरून हसलं, रगत गळतंय आन हसत्यात!

चला, मिटलं म्हनलं. कसलं मिटतंय! दुसऱ्या दिशी चावडीवर पंच बसलं. पाटलाच्या टकल्याला फडकं. म्हनला, 'नथू, थोरला तूच, वाद न्हाई. पर साऱ्या गावाम्होरं पंच्याऐंशी म्हनलास. पंच्याऐंशीच्या मानसाच्या हातात बैल कसं द्यावं? उधळलं तर पाप आमाला. आन अंबाजीबी ऐंशीच्या घरातला.' कासरा दिला आमच्या चुलत्याच्या महिपतीला! का? तर त्यो त्या दिशी तापानं घरी झोपला हुता, त्येचं वय जसंच्या तसं ऱ्हायलं! पोळ्याला हलगी वाजली, माजी बैलं, माजी झूल, माजं बेगड... आन मी वळचनीला हुबा. डोळ्यांत पानी आलं वो. बैलानं वळून बघितलं माज्याकडं, पयल्यांदा.

घरी आलो तर आई ओट्यावर बसल्येली. चूल थंड. म्हनलो, 'आई, जळान?' तर म्हनली, 'पोरगा पंच्याऐंशीचा, मंग मी शंभराच्या वर. मी आता बसनार.'

'निस्ती?'

'निस्ती!'

आन बसली! त्या दिसापास्नं बसलीय, दानं टाकती कोंबड्यास्नी. साऱ्या हिंदुस्थानात पेन्शन लागू झाली ती एकट्या बयाबाईला... आन तिचं सरकार कोन? मी! सरका, सरका जरा, डोईवरला जळनाचा भारा लागंल कुनाला तरी.