फ्रिजचा जामीन

...आणि वर मला म्हणतो कसा, ‘काका, तुमचा स्कोअर बसत नाही!’ स्कोअर? अरे, मी घरासाठी कर्ज मागायला आलोय की सामना खेळायला? आणि हे म्हणतोय कोण, तर बँकेतला कर्जाचा साहेब, ज्याच्या अंगावरची पँट मी शिवलेली! तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत तीनदा सैल केलीय त्या पँटची कंबर, पण चारचौघांत कधी अवाक्षर काढलं? छे! गिऱ्हाइकाची अब्रू राखणारा शिंपी मी, आणि हा माझी अब्रू काढतोय, तीही शिपायासमोर! एक पैसा बुडवलेला नाही हो मी आयुष्यात, एक पैसा!

आता मुळात कर्ज कशाला, तर बावीस वर्षं ज्या दोन खोल्यांत भाड्याने राहतोय, त्यांचा मालक म्हणाला, ‘मी विकून मुलाकडे चाललो. तुम्ही घेता तर महिनाअखेरपर्यंत थांबतो, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.’ म्हणजे एक तारखेला मी, बायको, शिलाई मशीन, सगळे रस्त्यावर! बायको म्हणाली, ‘मोरीची फरशी आपण बसवली, खिडकीच्या कड्या आपण लावल्या, आणि राहणार दुसरंच कुणीतरी?’ आणि रडायला लागली हो. या बाईने बावीस वर्षांत साधी साडी रडून मागितलेली नाही! तडक बँक गाठली.

तर साहेब कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणतो, ‘काका, फ्रिजचे नऊ हप्ते थकले होते असं दिसतंय.’ म्हटलं, ‘कुणाचा फ्रिज? आमच्याकडे अजून दूध दोनदा तापवतात!’ तर म्हणतो, ‘तुमचा नाही, पण जामीन तुम्ही आहात.’

जामीन! आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला... मेव्हणा!

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी जेवायला बसलेलो, हा कागद घेऊन हजर. ‘भावोजी, नुसती एक सही! फॉर्मॅलिटी हो!’ मी म्हटलं, हात खरकटा आहे, नंतर बघू. तर मागून बायको, हातात डाव, ‘धुवून घ्या की, भात कुठे पळून जात नाही!’ आता तुम्हीच सांगा, डाव तिच्या हातात, भात तिच्या पातेल्यात, भाऊ तिचा... कोण माईचा लाल नाही म्हणेल? उठलो, हात धुतला, सही केली, परत बसलो. त्या फ्रिजमधलं घोटभर गार पाणी प्यायलो नाही मी! पुढे ह्याने नऊ महिने हप्ते थकवले, फ्रिज उचलायला माणसं दारात आल्यावर सगळे एकदम भरले, आणि मला? चकार शब्द नाही!

म्हटलं, ‘साहेब, बावीस वर्षांचं भाडं बघा ना! एक तारीख कधी चुकली नाही!’ ‘भाडं धरत नाही, काका.’ ‘विजेचं बिल?’ ‘नाही.’ ‘मग धरता तरी काय?’ तर म्हणतो, ‘कर्ज घेऊन फेडलेलं.’ म्हणजे बघा, ज्याने कधी कुणापुढे हात पसरला नाही तो बेभरवशाचा! एक पैसा बुडवलेला नाही हो मी, पण ऐकतो कोण?

शेवटी पँटवाल्याला दया आली. ‘घरातला कुणी चांगल्या स्कोअरवाला जामीन आणा, बघतो काहीतरी.’ आता आणायचा कुठून? सासरे पंच्याऐंशीचे, साडू बोलत नाही, माझ्या भावाचीच बोंब. महिना संपायला चार दिवस. राहिला कोण? नाइलाज हो! नेला मेव्हण्यालाच, सोबत बायको.

आणि काय सांगू तुम्हाला, त्याचा स्कोअर बघून साहेब खुर्चीतून उठला! ‘वा वा, बसा ना सर!’ काका नाही, सर! चहा मागवला, त्याला कपात, मला कागदी पेल्यात! मी विचारलं, ‘अहो, फ्रिज ह्याचा, हप्ते ह्याने थकवले, आणि हा सर?’ तर म्हणे, ‘यांनी नंतर टीव्ही घेतला, मोबाइल घेतला, मोटारसायकल, सोफा, सगळं हप्त्यावर, आणि सगळं फेडलं. तुम्ही नंतर काहीच घेतलं नाहीत ना, काका!’ म्हणजे त्या फ्रिजपायी आपटलो दोघंही. हा उधारीवर उधारी करत उठून उभा राहिला, आणि मी काटकसर करत तिथेच पडून!

मेव्हण्याने पेन हातात घेतलं... आणि थांबला. एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि घसा खाकरून म्हणतो, ‘भावोजी, सही करतो, पण हप्ता तेवढा वेळेवर हं. आपलं नाव आहे बाजारात.’

मला! हा मला! तोंडावर आलं होतं सगळं, फ्रिजसकट! पण शेजारी बायको. डाव नव्हता हातात, पण डोळे भरलेले. गिळलं. म्हटलं, ‘हो.’

मिळालं घर. बायको खूश आहे, खिडकीला नवीन पडदे लावलेत. आता दर महिन्याच्या एक तारखेला, मी दात घासत असतानाच, ह्याचा फोन. ‘भावोजी, भरला ना?’ एक पैसा बुडवलेला नाही हो मी आयुष्यात... पण म्हणतो, ‘भरला बाबा, भरला.’ कर्ज वीस वर्षांचं आहे. म्हणजे दोनशे चाळीस फोन.

तीन झाले.