खोलीतला पहाड

तुम्हाला पटणार नाही, पण मी या वयात पहाड चढलो. तोही वर्ध्यात, एका बंद खोलीत.

माझी नात डॉक्टरकीचं पुढचं शिकते. उन्हात आणि उंचावर मेहनत केली की शरीराचं काय होतं, हा तिचा अभ्यास. तिला म्हातारा शेतकरी हवा होता. खोली तापवलेली, हवा पहाडासारखी विरळ, पायाखाली फिरता पट्टा. मी चालू लागलो.

थोड्या थोड्या वेळानं ती विचारायची, "आबाजी, किती त्रास होऊन राह्यला?"

"काई नाई."

चौथ्यांदाही तेच ऐकून ती चिडली. "घामानं चिंब झाले न तुमी! खोटं सांगसान तं माही सारी मेहनत वाया जाईन."

"जनम वावरात बैलाच्या डवऱ्यामागं गेला माहा. याले चालणं म्हणते काय?"

मग पाय हलके झाले. पट्टा दिसेना. चहूकडे कापूस फुटला होता आणि मी त्याच्यावरून तरंगत चाललो होतो. पुढं माझी गेलेली बायको कापूस वेचत होती. मागं न बघता म्हणाली, "दमले काय जी?"

"लय दमलो वं," मी म्हणालो.

नातीनं लगेच पट्टा थांबवला, मला बसवलं, पाणी दिलं आणि वहीत लिहिलं. "आता कसे खरं बोलले!"

तिला वाटलं, मी तिलाच सांगितलं. मीही तिला तसं वाटू दिलं.