डावं बोट

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता आणि नणंद तो दाबून धरत होती.

"वहिनी, सुरी एवढी आत गेलीच कशी? अ‍ॅव्होकॅडो तर लोण्यासारखा मऊ असतो."

"तो मऊ, पण बी दगडासारखी. फळ तळहातावर धरलं आणि सुरीचं टोक बीत खुपसायला गेले, तर सुरी सटकून बोटाच्या मुळाशी घुसली."

"चमच्यानं काढायची ना ती!"

"तूच ओरडत होतीस, पोरं चिप्स घेऊन ताटकळलीत म्हणून."

"म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर."

"तसं नाही गं. डिप तयार होतं, या शेवटच्या फळाचा गर आणि लिंबू तेवढं राहिलं. काळं पडलं असेल आता."

"पडू दे. दोन टाके घालतील आणि आठ दिवसांत तुम्ही शिलाई मशीनवर बसाल. उजवा हात तर शाबूत आहे."

"उजवा हात नुसतं चाक फिरवतो. कापड वळवतं ते हे बोट. या बोटावरच घर चालतं."

"घाबरताय कशाला? रक्त थांबलंय."

"तू टोकाशी दाबतेयस का?"

"हो, चांगलं जोरात. दुखतंय?"

"नाही."

"मग बरंच आहे की!"

भावजयीनं मान वर करून नणंदेकडे बघितलं.

"वहिनी, अशा काय बघताय? जरा वाकवून दाखवा बरं ते बोट."

"घरातून निघाल्यापासून तेच करायला बघतेय."